चांदीचा नाग काळा पडला तेव्हा

लालासाहेब हवालदारांच्या अंगणात त्या सकाळी अख्खी पाथरवाडी लोटली होती. अंगणात मावले नाहीत ते गोठ्याच्या पत्र्यावर चढले, आणि ज्यांना पत्राही मिळाला नाही त्यांनी पुढच्याच्या टकुऱ्यावरून मोबाईल वर धरले. बघायच्या गोष्टी दोन होत्या. एक, सुट्टीवर आलेला हवालदारांचा फौजी मुलगा वीरधवल. काल दिवसभर ओकून, हगून त्याचं चिपाड झालं होतं, आणि आज तो ओसरीवर तक्क्याला टेकून चहा पीत होता. दुसरी, वासुकी महाराजांच्या हातातला वीतभर लांबीचा चांदीचा नाग. काल तिन्हीसांजेला पांढराफेक असलेला तो नाग आज चुलीतल्या कोळशासारखा काळा झाला होता.

"डोळं फाडून बघा!" महाराज नाग गर्दीवरून ओवाळत ओरडले. "ह्यो रंग न्हवं, ह्ये इख हाय! पोराच्या बेंबीतनं वढून काढलंय. मशीन काय करतं? फोटू काढतं. माझा नाग इखच काढतो! मशीन पैसं घेतं, माझा नाग फकस्त श्रद्धा घेतो."

श्रद्धा भरायचा क्यूआर कोड त्यांच्या चेल्याच्या छातीवर लटकत होता.

"वासुकी महाराज की—"

"जय!"

स्वयंपाकघराच्या दारात लीलाबाई उभी होती. तिचा एकुलता एक मुलगा चहा पीत होता, एवढंच तिला दिसत होतं. ज्यानं तो आडवा झाला ते अळंब्यांचं कालवण तिनंच शिजवलं होतं. काल त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली असताना तिनं देवाला सांगून टाकलं होतं, ह्येला ठेव, मला ने. आज देवानं दोघांनाही ठेवलं होतं. असा सौदा फायद्यात पडला की माणूस पावती मागत नाही. फक्त महाराज जवळून गेले की एक वास तिच्या नाकाला झोंबायचा, नासक्या अंड्यासारखा. कुठंतरी घेतलेला वास होता. पण अशा दिवशी नाकाचं कोण ऐकतं?

झालं होतं ते असं. नागपंचमीला पाथरवाडीत चुलीवर तवा चढत नाही. विळी पाटाखाली जाते, कुदळ कोपऱ्यात उभी राहते. भाजायचं नाही, तळायचं नाही, चिरायचं नाही आणि जमीन तर मुळीच खणायची नाही, कारण खाली नाग असतो, त्याला लागेल. मग खायचं काय? उकडलेले दिंड. आणि पाऊस मनासारखा झाला असेल तर जोडीला अळंबी. हातानं फाडायची, पातेल्यात शिजवायची. कुठला नियम मोडत नाही.

दरवर्षी बाया आदल्या दिवशीच, चवथीला, वारुळावरची अळंबी मुळीसकट उपटून आणत. त्यांची मुळी शेपटासारखी लांब, खोल वारुळात गेलेली असते. ती हाताला आली की आपल्या ओळखीचं, असा जुना परिपाठ. यंदा चवथीला कोयनेच्या खोऱ्यात असा पाऊस कोसळला की बाया घरातच बसल्या. पंचमीला दूध-लाह्या घेऊन वारुळाशी गेल्या, तर बाजूच्या झाडांखाली पांढऱ्याशुभ्र छत्र्या उगवलेल्या. थोड्याच होत्या. लीलाबाई आणि तिची चुलत जाऊ अंजना पुढं होत्या म्हणून दोघींच्याच ओट्या भरल्या. पंचमीचा दिवस, खणायचं नाही, म्हणून त्यांनी नखानं देठ वरच्या वर खुडले. बुडं जमिनीतच राहिली.

तरी लीलाबाईच्या मनात पाल चुकचुकली होती. पण त्या दिवशी वासुकी महाराज गावात पाहुणे होते. त्यांनी दोन्ही पातेल्यांत चांदीचा नाग बुडवला, वर काढला, पुसला आणि गावाला दाखवला. पांढरा! "इख असतं तर काळा पडला असता. नागानं पास केलं. बिनघोर खावा!" स्वतः महाराजांनी मात्र पंचमीला फक्त दूध घेतो म्हणून पानाला हात लावला नाही. व्रत असावं तर असं सोयीचं.

लालासाहेब अळंब्यांना कुत्र्याच्या छत्र्या म्हणत, ते शिवले नाहीत. लीलाबाईच्या वाटणीला काही उरलं नाही, कारण वीरधवल आणि कोयनानगरहून आलेला त्याचा शाळूसोबती फारूक यांनी पातेलं बोटानं पुसून खाल्लं. तिकडं अंजना एकटीच जेवली. तिचा नवरा हरिबा कामावरून परतेपर्यंत तिनं भांडं घासूनही टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोन्ही घरांत ओकाऱ्या सुरू झाल्या. तिन्हीसांजेला महाराजांनी दोघांच्या बेंबीवर भस्म थापून आळीपाळीनं वर नाग ठेवला.

आणि आता तिसऱ्या सकाळी दोघांनाही आराम. अंजना तर उठून अंगण झाडत होती म्हणे. काळ्या नागाचा फोटो सगळ्या खोऱ्यात फिरत होता.

एवढ्यात रस्त्यावर रुग्णवाहिका थांबली. आरोग्य केंद्राच्या डॉक्टर सुमैरा खाली उतरल्या, गर्दीतून वाट काढत थेट ओसरीवर आल्या आणि त्यांनी पहिलं काम केलं ते वीरधवलच्या डोळ्याची पापणी खाली ओढायचं. बाई मूळच्या कोरेगावच्या. वयानं लहान, पण आवाज एस. टी. कंडक्टरचा.

"पंचमीला अळंबी खाल्ली ना? चला, गाडीत बसा. कराडला मोठ्या दवाखान्यात जायचंय, आत्ताच."

गर्दी हसली. वीरधवलही हसला. "मॅडम, मला काय झालंय? बरा हाय की मी."

"फारूकही काल सकाळी असंच म्हणाला होता."

लीलाबाई दारातून पुढं आली. "फारूकला काय झालं?"

"तुमच्याकडून जेवून गेला आणि तुमच्या मुलाआधीच, पंचमीच्या रात्रीच ओकायला लागला. माझ्याकडे आणला. काल सकाळी उठून बसला, भाकरी मागितली. मी सोडला नाही, कराडला पाठवला. आज तिथं त्याचं काळीज निकामी होत चाललंय. काळीज म्हणजे, तुम्ही बकऱ्याचं खाता ना, तेच, यकृत. त्यानंच तुमचं घर सांगितलं मला."

"त्येला नागानं हात लावला न्हवता ना!" महाराज टाळी वाजवून म्हणाले. "म्हणून तर निकामी झालं!"

"बरं." डॉक्टर त्यांच्याकडे वळल्या. "मग तो मधे बरा कशानं झाला? तुमचा नाग तर इथं होता. ह्या अळंब्यांचं विषच असं दगलबाज असतं. आधी पोट धुऊन काढतं, मग दिवस-दीड दिवस गप्प बसतं. माणूस म्हणतो सुटलो. आणि त्या वेळात ते आत काळीज कुरतडत असतं. ह्या आरामाचं श्रेय कुणीही घ्यावं. नाग घेईल, अंगारा घेईल, शेजारणीचा काढा घेईल. पुढं जे होतं त्याचं श्रेय घ्यायला मात्र कुणी थांबत नाही."

लालासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. फौजेत वीस वर्षं काढलेला माणूस, हुकूम कुणाचा ऐकायचा एवढंच त्याला ठरवायचं होतं.

महाराजांनी ते ओळखलं. दुकानदाराला गिऱ्हाईक उठायला लागलेलं पाठमोरंसुद्धा कळतं.

"हवालदार, बाईचं ऐकायचं तर ऐका. पण गावाची शीव ओलांडली की नाग उलटतो. आमच्या नागाचं हिला काय कळणार?"

"नागाचं नाही कळत," सुमैरा म्हणाल्या, "रक्ताचं कळतं. निदान रक्त तरी तपासू द्या."

वीरधवलनं हसत हसत हात पुढं केला. अंजनाचंही रक्त घेतलं. पण गाडीत कुणी बसलं नाही. लालासाहेब एवढंच म्हणाले, "पोरगं बरं हाय मॅडम. बिघडलं तर कळवतो." गाडी रिकामी गेली. लीलाबाईनं ती वळणाआड जाईपर्यंत बघितली. पण ती बोलली नाही.

महाराज मात्र बोलले. डॉक्टरीणबाईनं जाताना एक कांडी पेरली होती, बिघडेल म्हणून. ती उगवण्याआधी जागा बदलणं भाग होतं. त्यांनी डोळे मिटले, अंग घुमवलं आणि गर्दीला सांगितलं, "इख मी काढलं. पण पुन्ना उलटंल! का? नागाचा गुन्हेगार गावात मोकळा फिरतोय. पंचमीला कुणीतरी वारूळ खणलंय. त्येची भरपाई व्हत न्हाई तोवर माझा हात बांधलेला!"

बघा हा व्यापार. माणूस जगला तर जमा महाराजांच्या नावावर, मेला तर खर्च दुसऱ्याच्या.

"खणलं कुणी?" हरिबा गरजला. अंजनाचा नवरा, बैलासारखा अंगानं आणि तसाच एका रेषेत चालणारा. "कुणी बघितलं का?"

आणि लीलाबाई बोलली. एकच वाक्य, आणि तेही खरं. "वारुळाच्या बुडाला खड्डा व्हता, मी बघितलावता पंचमीला."

"धोंडुबाई!" मागून कुणीतरी ओरडलं. "तिच्या घरात अळंबी शिजली व्हती! तिला कायबी झालं न्हाई!"

बस. गर्दीला आता वेगळा पुरावा नको होता. धोंडुबाई म्हणजे ओढ्याकाठची एकटी म्हातारी, शेळ्या राखणारी, तोंडानं फटकळ. निम्म्या गावाचं तिच्याशी कधी ना कधी भांडण झालं होतं. अशा माणसाविरुद्ध गुन्हा लगेच सिद्ध होतो.

तिला झिंज्या धरून दारातून ओढली तेव्हा तिच्या हातात शेळीचं दावं होतं. ते हिसकून हरिबानं त्याच दाव्यानं तिच्या पाठीत वळ उठवले. कुणी तिच्या घराचे पत्रे दगडांनी फोडले. कुणी चूल लाथेनं विस्कटली. म्हातारी मातीत पडली, उठली, परत पडली. ती ओरडत होती, "चवथीला खणलंय रं मुडद्यांनो! चवथीला! भर पावसात गेल्ते! पंचमीला मी घराभाईर पडले न्हाई!" ते कुणाच्या कानात शिरलं नाही. गर्दीला कान नसतात, हात मात्र शेकडो असतात. हरिबानं पंपाचा लोखंडी दांडा उचलला. तिनं डोकं वाचवायला हात वर केला, आणि ऊस मोडावा तसा कडकन आवाज झाला.

लीलाबाई पायवाटेवर उभी होती. तिनं तो आवाज ऐकला. चवथीला, हा शब्दही ऐकला. चवथीला खणलं असेल तर नियम मोडलाच कुठं? तिला पुढं जायचं होतं. पण हरिबा भावकीतला, नवरा बाजूला उभा, गाव खवळलेलं. ती वळली आणि घरी आली, आणि मुलाला विचारलं, "भूक लागली का?"

"न्हाई आय," तो म्हणाला. "कुशीत जरा दुखतंय. हितं, बरगडीखाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी वीरधवलनं डोळे उघडले ते हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखे पिवळे. लीलाबाईनं नाव घेऊन हाक मारली. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "साब, मेरी छुट्टी खतम हो गई क्या?" त्यानं पाण्याचा तांब्या धरायला हात पुढं केला, तर पंजा पाखराच्या पंखासारखा फडफडू लागला.

तेवढ्यात हरिबाच्या घरातून किंकाळी आली. अंजनाला चौघे धरून हवालदारांच्या अंगणात आणत होते. तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, लुगड्याच्या पदराला काळी ओकारी लागली होती आणि ती नवऱ्याला ओळखत नव्हती. हरिबानं तिचे हात धरले तर तिनं त्याच्या मनगटाचा लचका तोडला. काल अंगण झाडणारी बाई ती.

महाराज हजर झालेच. "सांगितलं व्हतं ना? नाग उलटला!" त्यांनी बोट ओढ्याकडे रोखलं. "जोवर ती म्हातारी हितं श्वास घेतीया, तोवर इख उतरणार न्हाई. आता माझ्या हातात काय न्हाई. तुमच्या हातात हाय."

बोलून महाराज बाजूला सरकले. खून करायचा तो दुसऱ्याच्या हातानं, हे त्यांना चांगलं जमत होतं. कुणीतरी मोटारसायकलमधून पेट्रोल काढलं. धोंडुबाई मोडका हात छातीशी धरून आपल्या फुटक्या घरात आतून कडी लावून बसली होती. हरिबानं पेट्रोलचा डबा उचलला.

आणि वळणावर रुग्णवाहिकेचा भोंगा वाजला. सुमैरा आल्या होत्या, सोबत एक हवालदार, पोलिसातला, काठीसकट. पण गावाच्या तोंडाशी ट्रॅक्टर-ट्रॉली आडवी लावलेली होती. हरिबानंच लावली होती, शीव ओलांडून पेशंट जाऊ नये म्हणून. किल्ली त्याच्या खिशात होती. एक दगड आला, गाडीची पुढची काच फुटली. पोलिसानं काठी उगारली, त्याच्या मनगटावर दुसरा दगड बसला.

सुमैरा गाडी सोडून पायी पळत आल्या, मागोमाग पोलीस. कपाळावर काचेनं कापलं होतं, भुवईवरून रक्त ओघळत होतं. "रिपोर्ट आलेत!" त्या ओरडल्या. "दोघांचं काळीज चाललंय! आता तास मोजायची वेळ आहे, त्यांना उचला!"

"थांबा!" महाराजांनी वीरधवलच्या उशाशी बैठक मारली. "शेवटचा उपाय करतो. नाग लावतो." चेल्यानं नाग आणि पितळी वाटी पुढं केली. नाग घासून पुसून पुन्हा पांढरा झाला होता. वाटीत ओलसर, पिवळट भस्म. महाराजांनी ते वीरधवलच्या बेंबीवर थापायला घेतलं. तिथं आधीच भाजल्यासारखा लाल चट्टा उठलेला होता.

लीलाबाई जवळ बसली होती. तो वास पुन्हा आला, आणि या वेळी ती भीतीनं इतकी जागी झाली होती की तिला आठवलं.

तासगाव. माहेर. बापाची द्राक्षबाग. छाटणीनंतर वेलींना बुरशी लागू नये म्हणून मोठ्या कढईत गंधक आणि चुना उकळायचे. त्याचं पिवळं पाणी फवारलं की सगळ्या बागेत नासक्या अंड्याचा वास. आणि पोरीबाळी बागेतून फिरून आल्या की आयांच्या शिव्या, कारण पायातले चांदीचे पैंजण काळेकुट्ट! चिंच लावून घासत बसायचं.

लीलाबाईनं वाटी हिसकली.

"ए बाई! कोप व्हईल!"

ती उठली, अंगणाच्या मधोमध गेली आणि तिथं खाली बसून पायातली जोडवी उपसायला लागली. अंगणातल्या बायांनी तोंडावर हात नेला. नवरा समोर उभा असताना जोडवी काढणं म्हणजे काय, हे तिथं कुणाला सांगायला नको होतं.

"लीला!" लालासाहेब गरजले. "डोकं फिरलं का तुझं? मी जित्ता हाय!"

"व्हय, जित्ता हायसा म्हणूनच बघा!" पायाची बोटं सुजली होती, जोडवी निघेनात. तिनं दातओठ खाऊन ओढली. कातडं सोलून रक्त आलं. "आवं, ही माझ्या पायातली जोडवी. तुमीच घातलेली. ह्येला कुठलं इख लागलंय? मी अळंब्याचा घासबी खाल्ला न्हाई. बघा!"

तिनं ती पांढरी जोडवी भस्मात रुतवली, अंगठ्यानं चोळली आणि वर वाटीभर भस्म दाबलं. महाराज पुढं झेपावले. सुमैरांनी त्यांच्या कफनीला धरून मागं खेचलं. लीलाबाईनं जोडवी बाहेर काढून पदरानं पुसली आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवली.

काळी. नागासारखीच काळी.

"गंधक आणि चुना," ती म्हणाली. "तासगावात द्राक्षावर मारत्यात. चांदीला लावा, बोटाला बांधा, देवाला घाला, काळीच व्हनार. इख असो नसो. ह्यो बाबा हिमालयातनं न्हाई आला, कुणाच्या तरी बागेतनं आलाय!"

"आणि पातेल्यात बुडवला तेव्हा पांढराच राहिला," सुमैरा म्हणाल्या, "कारण अळंब्याच्या विषानं चांदी काळी होतच नाही. माणूस मारण्याइतकं विष असलं तरी नाही. ह्या नागाला विष कळत नाही. ह्याला फक्त गंधक कळतं."

लालासाहेबांनी जोडवीकडे बघितलं, मुलाच्या पिवळ्या डोळ्यांकडे बघितलं. मग एकदम जवानांना देतात तशी हाळी दिली, "हरिबा! किल्ली!"

पण हरिबाला आता किल्ली ऐकू येत नव्हती. त्याला महाराज दिसत होते. पेट्रोलचा डबा टाकून तो त्यांच्या अंगावर गेला. पहिल्याच ठोशात महाराजांचे दोन दात गेले. ज्यांनी काल धोंडुबाईचे पत्रे फोडले तेच हात पुढं झाले, तेच दगड, तोच पंपाचा दांडा. चेला क्यूआर कोड तिथंच टाकून ओढ्याकडे पळाला. कफनी फाटली, नाग मातीत पडला, लोक त्याच्यावरून तुडवत गेले. कालच्या आणि आजच्या गर्दीत फरक एवढाच, की आज माणूस बरोबर निवडला होता. विचार कालही नव्हता, आजही नव्हता.

आणि चौघांच्या हातांवर अंजना आचके देत होती, आणि ट्रॅक्टर तसाच आडवा.

लीलाबाई त्या गर्दीत घुसली. कुणाचा कोपर तिच्या तोंडावर बसला. तिनं हरिबाच्या पाठीमागून त्याची मान धरली आणि सगळं बळ लावून त्याच्या कानाखाली ठेवून दिली.

"वैनी! सोडा मला! ह्येला जित्ता जाळतो!"

"जाळ! नंतर जाळ! आदी किल्ली दे! तुझी बायकू मरायला लागलीया, मुडद्या, आणि तू हितं पराक्रम करतोयस!"

हरिबानं वळून अंजनाकडे बघितलं. त्याचा दांडा गळून पडला. खिशात हात घातला, पण किल्ली अस्तरात अडकली, निघेना. लीलाबाईनं त्याचा खिसाच फाडला.

सुमैरांनी महाराजांभोवती पोलिसाला उभं केलं. "ह्याला हात लावायचा नाही," त्यांनी बजावलं. "हा मेला तर कोर्टात सांगणार कोण, वाटीत काय होतं ते? आणि ओढ्याकाठच्या त्या म्हातारीला बाहेर काढा. दार तोडू नका. हाक मारा. माफी मागा, मग हाक मारा."

अंजना कराडला पोचायच्या आधीच, घाटमाथ्याखाली गेली. हरिबा गाडीत तिच्या पायाशी बसला होता. "किल्ली आदी दिली असती तर?" त्यानं विचारलं. सुमैरांनी खोटं सांगितलं नाही. "किल्लीनं फरक पडला नसता," त्या म्हणाल्या. "काल मी रिकामी गाडी घेऊन गेले, त्यानं पडला."

फारूक आणि वीरधवल शेजारशेजारच्या खाटांवर पडून होते. लीलाबाई दोघांच्या मधल्या स्टुलावर बसायची. एका बाजूला आपला मुलगा, दुसऱ्या बाजूला आपल्या हातचं जेवून गेलेला परक्याचा. फारूकची आई नूरजहां पहिल्या दिवशी तिच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं डबा उघडून अर्धी भाकरी पुढं केली आणि म्हणाली, "खा. तू पडलीस तर ह्या दोघांचं बघनार कोन?" सलाईन, औषधं, रक्त, पुन्हा औषधं. फारूकला आधी पोचवलं होतं, तो आधी सावरला. वीरधवल जगेल की नाही हे डॉक्टरांनाही बरेच दिवस सांगता येत नव्हतं. शेवटी एका सकाळी त्यानं आईला आई म्हणून ओळखलं.

पोलिसांनी जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा लिहिला. साक्ष कोण देणार, म्हटल्यावर पाथरवाडीतल्या माना खाली गेल्या. लीलाबाईनं दिली. महाराजांविरुद्ध दिली, आणि धोंडुबाईला मारलं म्हणून हरिबाविरुद्धही दिली. लालासाहेब म्हणाले, "अगं, भावकीतला हाय. बायकू गेलीया त्येची."

"म्हायती हाय," लीलाबाई म्हणाली. "आणि खड्डा बघितला असं पैलं मी बोलले, तेबी लिवून घ्या म्हनलं साहेबाला."

पाऊस उघडल्यावर डॉक्टर सुमैरांनी गावात सभा घेतली. देवळासमोर सतरंजी, त्यावर बाया, मागं गडी. सुमैरांनी जमिनीतून उकरून आणलेलं एक बूड सगळ्यांत फिरवलं. वारुळाजवळच्या त्याच झाडांखालचं. देठाच्या तळाशी अंड्याच्या टरफलासारखी वाटी होती. पंचमीला नखानं खुडताना जमिनीत राहिली होती ती हीच.

"म्हंजी मॅडम, वाटी बघितली की झालं!" एक जण खुशीत म्हणाला. "वाटी न्हाई ती खायाची!"

"नाही!" सुमैरांचा आवाज चढला. "वाटी नसलेली विषारीही असतात. मुळी बघून, वास बघून, किड्यानं खाल्लंय का बघून, लसूण टाकून, चांदी बुडवून, कशानंही खात्री होत नाही. ओळखायची कशी, असं विचारूच नका. रानातली खायची नाहीत. खाल्लीच असतील आणि ओकारी आली, तर दवाखाना. आणि ओकारी थांबली, बरं वाटलं, चहा प्यावासा वाटला, तर आणखी पळत दवाखाना. बरं वाटणं म्हणजे बरं होणं नव्हे. एवढं एक लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ."

बायांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून एकानं घसा खाकरला. "ते खरं हाय मॅडम. वासुकी भोंदूच निघाला. पण लोणंदला एक बाबा हायत म्हनं, ते खरे. नुसतं हुंगून सांगत्यात, अळंबं चांगलं का वाईट."

दोघा-तिघांनी, खरं सांगायचं तर, कान टवकारले.

पुढच्या रांगेत धोंडुबाई बसली होती, एक हात प्लास्टरमध्ये, गळ्याशी झोळीत. ती सावकाश उठली, माणसांच्या पायांतून वाट काढत मागं गेली आणि त्या गड्यासमोर जाऊन उभी राहिली.

"पत्ता दे रं त्येचा," ती म्हणाली.

"तुमाला कशाला, आजी?"

"इचारायचंय. त्येचं हुंगणं चुकलं की गाव कुणाचा हात मोडणार हाय, ते आदीच ठरवून घेऊ. तुझा चालंल का?"

धोंडुबाई तिथून हलली नाही. "चालंल का, म्हनून इचारते. न्हाई चालत तर बाबाला इचारायच्या आदी ह्या पोरीला इचार. आणि कुणाला मारायच्या आदी, ज्येला मारायचंय त्येला इचार. तोंड दिलंय देवानं. माझं तर लय मोठं दिलंय. त्या दिवशी एकानं जरी इचारलं असतं, तर मी सांगितलं असतं."